एकोणतिसावा दिवस

बदकीण घुशीनं नेली. अंडी राहिली सात, कोमट.
क्लोतील म्हणाली, फेकून दे.
माझ्याकडे पापलेटचा थर्माकोलचा खोका होता,
तीनदा धुतला तरी वास सोडेना.
त्यात पंचवीस वॅटचा दिवा, बशीत ओला स्पंज,
आणि माशांच्या टाकीत लावतात तो थर्मामीटर.
साडेसदतीस. साडेसदतीस.
रात्री तीनला उठून मी आकडा बघायचो
आणि क्लोतील कूस बदलत म्हणायची,
शेरलच्या वेळी असा उठला असतास तर.

मालाड स्टेशनाबाहेरच्या टपरीत
चाळीस वर्षं घड्याळं उघडली मी.
चालू घड्याळ उघडायचं नाही,
हे पहिल्याच महिन्यात शिकवतात.
मोबाईलच्या उजेडात अंड्यामध्ये लाल धाग्यांचं जाळं
आणि एक काळा ठिपका, स्वतःशीच हलणारा.
दोन अंड्यांत काहीच नव्हतं. ती काढली.

अठ्ठाविसाव्या दिवशी आतून टकटक.
तीन पिल्लं आपली आपण आली,
ओली, रागावलेली, मान टाकून झोपली.
सहाव्याला भोक पडून दहा तास झाले होते
आणि मला वाटलं, अडकलंय.
भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला,
कवचाचा टवका काढला, मग दुसरा, मग
पापुद्र्यावर रक्ताचा बारीक थेंब आला.
अजून त्याच्या शिरा कवचाला चिकटलेल्या होत्या,
पोटाबाहेर बलक होता.
ते अडकलं नव्हतं. दम खात होतं.

मी पेरूच्या झाडाखाली खड्डा खणला
आणि चिमटा पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं.

सातव्यानं तिळाएवढी चीर पाडली आणि थांबलं.
रात्र गेली. दिवस गेला.
इनास कुंपणावरून म्हणाला,
आपलं आपण येत नाही ते जगत नाही रे दुमिंग,
आमच्या आजीनं कधी हात लावला होता?
मी हो म्हटलं. मी त्या वेळी कशालाही हो म्हटलं असतं.

पहाटे पाचला शेरल रात्रपाळीवरून आली,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात वडापाव.
खोक्यात वाकून बघितलं. चीर तेवढीच,
पापुद्रा सुकून पिवळा, पतंगाच्या कागदासारखा,
चोच त्यालाच डकवलेली. आवाज होता, बारीक झालेला.
पप्पा, म्हणाली, मला कशी काढली होती?
तिच्या भुवईजवळ ती खूण आहे अजून,
डॉक्टरच्या चिमट्याची.
किल्ली दे, म्हणाली.

तिनं उजेड धरला.
मी कोमट पाण्यात कापूस बुडवून पापुद्रा ओला केला,
शिरा शोधल्या. नव्हत्या. पुन्हा शोधल्या.
एक टवका काढला, रुंद टोकाकडचा, जिथे हवेची पोकळी असते.
मग थांबलो. चर्चची सहाची घंटा झाली.
दुसरा टवका. ओला रुमाल. पुन्हा खोक्यात.
थांबताना हात कुठे ठेवायचे
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
नऊपर्यंत मी त्याला अर्ध्या टोपीएवढी मोकळीक दिली
आणि चिमटा शेरलच्या हातात दिला,
म्हटलं, आता मी मागितला तरी देऊ नकोस.
मी दोनदा मागितला.

साडेअकराला त्यानं पाय झाडले
आणि उरलेलं कवच स्वतः ढकललं.
उजव्या पायाची बोटं मुठीसारखी वळलेली.
बँड-एडची पट्टी कापून बोटं सपाट चिकटवली,
ती घेऊन ते फटक-फटक चाललं, एका पायात चप्पल घातल्यासारखं.

दुरुस्त घड्याळाच्या झाकणात आम्ही बारीक तारीख कोरतो.
सवयीनं मी रिकाम्या कवचात पेन्सिलीनं ती लिहिली,
मग पुसली. घड्याळ मी थोडंच चालू केलं होतं.

आता चौघं मोरीतल्या परातीत धिंगाणा घालतात,
क्लोतील शिव्या देते आणि काकडी किसून घालते.
काल इनास आला, पट्टीवाल्याला उचलून वजन बघितलं,
म्हणाला, नाताळला मोयली झकास होईल.
क्लोतीलनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं.
चहा घे, म्हणाली,
थंड होतोय.